कौतिकबाईंचं समाधान

कौतिकबाई कुणाला काही सांगायच्या, तर ते समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायच्या. शेजारची पोर दळण घेऊन निघाली तरी तिला उंबऱ्यात थांबवून विचारत, “मी काय सांगं? म्हनी दखाड.” पोरीने “बारीक दळून आणायचं, वरून गहू नाही टाकू द्यायचे” असं म्हणून दाखवलं की मगच तिची वाट मोकळी होई. रिक्षावाल्यांनाही सुटका नव्हती. एकदा स्टेशनकडे जाताना एका भय्याला त्यांनी तीनदा जागा म्हणायला लावली. तो वैतागून म्हणाला, “माताजी, मैं तोता हूँ क्या?” कौतिकबाई रिक्षात बसता बसता म्हणाल्या, “तोता बरा. तो इसरस नही.” तो विसरत नाही, हे त्या भय्याला कळलं की नाही कोण जाणे, पण तो हसला आणि त्याने त्यांना नेमकं हवं तिथे सोडलं.

त्या आमच्या दारात आल्या की माझी बायको आतूनच मला म्हणायची, “या बाहेर, तुमची बहीण आली धडा म्हणवून घ्यायला.” सुरतेच्या आमच्या लिंबायतमध्ये त्यांच्या या खोडीची टिंगल होई. पोरं त्यांच्या मागे “म्हनी दखाड, म्हनी दखाड” करत धावत.

ही खोड त्यांना आधी नव्हती. ती एका शब्दामुळे लागली. तो शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. लिंबायतमधली जुनी माणसं आजही त्यांचं नाव निघालं की म्हणतात, “ती ना, जिने स्वतःच्या तोंडाने पोरीला परत मारकुट्या घरात धाडलं.” हे खरं नाही. खरं काय ते सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलो आहे.

कौतिकबाई साक्री तालुक्यातल्या. नवरा इथे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा, तो छातीच्या दुखण्याने गेला. मग त्या आमच्याच गल्लीतल्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, बॉबिन भरायला लागल्या. अंगाने बारीक, चालणं झपाट्याचं, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर सततच्या धाग्याने पडलेली एक खाच. बायका त्यांना चिडवायच्या की या खाचेत सुपारीचं खांड बसेल. त्या म्हणायच्या, “बसाडी देखा. पन मंग सुपारी मनी.” मग ती सुपारी माझी. त्यांना एकच मुलगी, संगीता. आमच्या लोकांची पोरं तेव्हा मराठी शाळेत जायची, पण कौतिकबाईंनी संगीताला गुजराती शाळेत घातलं. गल्लीतल्या पुरुषांनी नाकं मुरडली, तर म्हणाल्या, “आठे ऱ्हावानं शे ना? मंग आठली भाषा शिकू दे तिले. मी नही शिकनू, तेच बास.” स्वतः त्या शेवटपर्यंत अहिराणीच बोलल्या. गुजराती त्यांना भाजीच्या भावापुरतं समजे.

मी लहानपणी वडिलांबरोबर सुरतेला आलेलो, गुजरातीत मॅट्रिक झालेलो, पलसाण्याकडच्या कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये टाइमकीपर होतो. दवाखाना, रेशन, पोलीस चौकी, कुठेही आमच्या माणसांना बोलायची वेळ आली की मला नेत. मला त्याचं भूषण वाटे. कौतिकबाई मला भाऊ म्हणत आणि संगीता मामा. संगीताच्या लग्नात मामा म्हणून अंतरपाटामागे मीच उभा होतो. स्थळही मीच आणलं होतं. मुलगा लूमवर कारागीर, घर आपल्या समाजाचं, मुलाचा चुलता आमच्या समाजाच्या मंडळातला वजनदार माणूस. मला वाटलं, मी पोरीचं भलं केलं.

सहा महिन्यांत संगीता पहिल्यांदा पळून आली. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. कौतिकबाईंनी तिला तेल लावलं, जेवू घातलं आणि परत नेऊन सोडलं. “बाईले सोसनं पडस माय,” असं त्या तिला वाटेत म्हणत होत्या, हे मी ऐकलं आहे. दुसऱ्यांदा आली तेव्हाही त्यांनी तेच केलं. हेही लपवून चालणार नाही. त्या काळात आमच्यातली कुठलीही आई हेच करायची, आणि मीही त्यांना हेच करायला सांगितलं होतं.

मग शाळेच्या पटांगणात बायकांची एक सभा झाली. शहरातून एक वकीलबाई आल्या होत्या. त्या हिंदीत बोलल्या, म्हणून कौतिकबाईंना सगळं समजलं. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बाईला छळलं तर तो गुन्हा आहे, त्यासाठी कायदा आहे, तक्रार दिली तर पोलिसांना ती लिहून घ्यावीच लागते, असं त्या बाई म्हणाल्या. कौतिकबाई सभेतून सरळ आमच्या घरी आल्या. पदराने घाम पुसत दारातच उभ्या राहिल्या.

“भाऊ, गुन्हा शे तो! घरनी बात नही, गुन्हा शे!”

“बरं, आत तर या,” मी म्हणालो.

“नही येत. तुमले माहीत व्हतं का?”

“कायदे असतातच हो. पण घर चालतं ते कायद्यावर नाही.”

“मंग कसावर चालस? पट्टावर?”

माझी बायको स्वयंपाकघरात फिस्सकन हसली.  त्या निघून गेल्या, आणि पुढचे कितीतरी दिवस बॉबिन भरता भरता भेटेल त्या बाईला सांगत राहिल्या, “गुन्हा शे, घरनी बात नही.” जणू एखादी नवी भाजी बाजारात आली आहे आणि ती सगळ्यांनी खाऊन बघावी.

संगीता तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचा एक डोळा सुजून मिटला होता, आणि ती गरोदर होती. या वेळी कौतिकबाईंनी तेल काढलं नाही. चपला घातल्या आणि मला हाक मारली, “भाऊ, चला मनासंगे.” ही सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षीची, त्र्याण्णवची गोष्ट.

चौकीत जमादार चहा पीत होता. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. त्याने जावयाला आणि त्याच्या बापालाही बोलावून घेतलं. संगीताने स्वच्छ गुजरातीत सगळं सांगितलं. तिने कुठेही आवाज चढवला नाही, काही वाढवून सांगितलं नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी भीतीही. कारण स्थळ कुणी आणलं हा प्रश्न आता निघणार होता. जावयाचा बाप माझ्याकडे बघत होता. त्या बघण्याचा अर्थ सरळ होता: मध्ये तू होतास, आता हे तू निस्तर.

जमादाराने संगीताचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. ज्या मुलीने मार खाल्ला होता तिचं बोलणं त्याच्या लेखी पोरवयातलं होतं. त्याला मोठ्या माणसाचा शब्द हवा होता. तो कौतिकबाईंकडे वळला. “बेन, तमे मोटा छो. तमे कहो. समाधान जोईए छे ने?” तुम्ही मोठ्या, तुम्हीच सांगा, समाधान हवं ना?

गुजरातीत समाधान म्हणजे तडजोड. भांडण मिटवून घेणं. तक्रार न करता घरी जाणं. हे मला माहीत होतं आणि संगीतालाही.

कौतिकबाईंना माहीत होतं ते आपलं समाधान. पोटभर जेवल्यावरचं, काम नीट झाल्यावरचं. त्यांना वाटलं, साहेब विचारतो आहे की बाई, तुझ्या जिवाला स्वस्थता हवी ना, न्याय हवा ना? त्यांचा चेहरा उजळला. पोलिसाने आपल्याला असं काही विचारावं हे त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल. त्यांनी हात जोडले.

“हां साहेब! समाधान जोयजे. मनी आंडेरले समाधान जोयजे!”

माझ्या लेकीला समाधान हवं. अहिराणी ‘जोयजे’ आणि गुजराती ‘जोईए’ इतके जवळचे, की जमादाराला दुभाष्याची गरजच पडली नाही. “बस, तो पत्युं,” तो म्हणाला. संपलं. त्याने कागद ओढला आणि लिहायला लागला.

संगीताने आईकडे पाहिलं. आधी दोनदा आईने तिला परत सोडलं होतं. या वेळी मात्र आई स्वतः चपला घालून निघाली होती, आणि आता सगळ्यांसमोर हात जोडून तडजोड मागत होती. गुजराती शाळेत वाढलेल्या संगीताला ते तसंच ऐकू आलं. तिच्या उघड्या डोळ्यात मी जे पाहिलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. भर रस्त्यात कुणीतरी थोबाडीत मारावी तशी ती बघत राहिली.

त्या खोलीत शब्दाचे दोन्ही अर्थ कळणारा आणि कुणाची चूक होते आहे हे दिसणारा मी एकटा होतो. मला तिथे नेलं होतं तेच मुळी यासाठी. “साहेब, बाईंचा गैरसमज झालाय,” एवढंच म्हणायचं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. मनात म्हणालो, मिटतंय तर मिटू दे.

“अंगूठो मारो,” जमादार म्हणाला. कौतिकबाईंनी अंगठा उठवला. मग जमादाराने जावयाला दरडावलं, पुन्हा हात उचलशील तर आत टाकीन. जावयाने कान पकडले. तो कान पकडतो आहे हे कौतिकबाईंनी डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, हाच तो कायदा. संगीता त्याच्यामागून गेली. तिने वळून पाहिलं नाही. आई मात्र तिला हात करत राहिली.

दुसऱ्या दिवशी कौतिकबाईंनी खापरावरचे मांडे केले आणि ताट झाकून आमच्याकडे आणलं. माझ्या पायांना हात लावायला वाकल्या. मी मागे सरकलो. “तुम्ही व्हतात म्हनीसन व्हयनं, भाऊ,” त्या म्हणाल्या. तुम्ही होतात म्हणून झालं. मी ते मांडे खाल्ले. चांगले झाले होते.

त्यानंतर महिनाही गेला नसेल. संगीताला सिव्हिलमध्ये नेल्याची बातमी आली. नवऱ्याने पोटात लाथ मारली होती. मूल गेलं.

कौतिकबाई दवाखान्यातून तडक चौकीत गेल्या, एकट्याच. जमादाराने त्यांना त्यांचाच अंगठा दाखवला. “तमे तो समाधान कर्युं छे, बेन.” त्यांना काही समजेना. बाहेरच्या चहावालीने त्यांना तो शब्द उलगडून सांगितला. ती चहावाली मला पुढे म्हणाली, “भाई, त्या बाई ऐकून खालीच बसल्या. मला वाटलं चक्कर आली. पण त्या आपलं थोबाड आपल्याच हाताने बडवत होत्या.”

मग त्या मला बोलवायला आल्या. मी त्यांच्यामागून दवाखान्यात गेलो. वॉर्डात संगीता भिंतीकडे तोंड करून पडली होती. कौतिकबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि घाईघाईने सांगू लागल्या, तो शब्द मला वेगळा वाटला, मी मिटवायला नाही म्हणाले, माय, मला न्याय पाहिजे होता.

“तूच बोलनी ना,” संगीता भिंतीकडेच बघत म्हणाली. “हात जोडीसन बोलनी.”

“माले गुजराती समजत नही, संगू!”

“मामाले समजस ना? मामा तठेच व्हता. तुनी चूक व्हती तर मामा बोलता ना?”

माझं गप्प राहणं असं पुरावा होऊन उभं राहील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आईच्या विरोधात ती पोर मला साक्षीला काढत होती, आणि साक्षीदार समोर उभा होता. कौतिकबाई माझ्याकडे वळल्या. “भाऊ, सांगा तिले.”

मी म्हणालो, “संगू, तिथे फार गडबड होती. मला नीट ऐकू आलं नाही.”

ते वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मीच दचकलो. पण निघालं ते निघालं. संगीताने डोळे मिटून घेतले. कौतिकबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

संगीता पुन्हा त्या घरी गेली नाही आणि आईच्या घरीही आली नाही. सभेतल्या त्या वकीलबाईंना तिने स्वतः गाठलं, तक्रार दिली, सोडचिठ्ठी मिळवली आणि सुरतेजवळच्या सचिन गावी एका कारखान्यात कामाला लागून तिथेच खोली घेतली. आईशी तिने बोलणं टाकलं. तिकडे जाणाऱ्या बायकांजवळ कौतिकबाई डबा द्यायच्या, तो तसाच परत यायचा. मंडळातल्या लोकांनी गोष्ट सोयीची करून घेतली: मुलाकडची माणसं तरी काय करणार, पोरीच्या आईनेच मिटवा म्हणून सांगितलं.

याच सुमाराला त्यांची ती “म्हनी दखाड”ची खोड सुरू झाली. आणि आणखी एक झालं. गल्लीत कुणा बाईला मारहाण झाली की कौतिकबाई तिला घेऊन चौकीत जायच्या, आणि जाताना माझं दार वाजवायच्या. “चला भाऊ.” मला वाटायचं, त्यांनी मला माफ केलं असावं, किंवा त्यांना काही कळलंच नसावं. मी निमूट जायचो. तिथे त्या मला एकेक वाक्य मोठ्याने सांगायला लावायच्या, आधी गुजरातीतलं आपल्या भाषेत, मग आपलं गुजरातीत. जमादार कावायचा.

एकदा आमच्याच गल्लीतली एक सून होती, सासूने चटका दिलेली. जमादाराने सवयीने तिच्या बापाला विचारलं, “समाधान करवुं छे ने?” बाप मान डोलावणार इतक्यात कौतिकबाईंनी टेबलावर तळहात ठेवला.

“थांबा. भाऊ, यो सबदना अर्थ सांगा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, “समाधान म्हणजे तडजोड. म्हणजे तक्रार लिहिली जाणार नाही. मुलगी परत जाणार.”

“आते तिले इचारा. तिना बापले नही. तिले.”

ती सून म्हणाली, “नको समाधान.” तक्रार लिहिली गेली.

बाहेर आल्यावर मी रस्ता ओलांडायला निघालो, तर कौतिकबाईंनी माझी बाही धरली. “आज बोलनात,” त्या म्हणाल्या. “तवय बी तुमले समजनं व्हतं.”

तेव्हाही तुम्हाला समजलं होतं. त्या विचारत नव्हत्या.  मी कसाबसा म्हणालो, “तुम्हाला माहीत होतं?”

“दवाखानामाच समजनं. तुमी खोटं बोलनात तवय.”

“मग मला बरोबर का नेता?”

“मंग कोनले लई जाऊ? गुजराती तुमलेच येस.” मग म्हणाल्या, “संगूले सांगी या, भाऊ. मनं ती मानत नही. म्हनस, मामा सांगी तवय मानसू.”

मामा सांगेल तेव्हा मानेन. मी म्हणालो, “जातो.” खरोखर जाणार होतो. सचिन काही लांब नाही. पण सुट्टी आली की काहीतरी निघे, आणि काही निघालं नाही तर मी काढी. कौतिकबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. दार वाजवत राहिल्या, मला नेत राहिल्या. प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहून किंचित थांबत. मी बूट घालायला वाकत असे.

दशक संपत आलं तेव्हा त्यांना कावीळ झाली आणि आठवड्याभरात त्या गेल्या.

संगीता आली. बायकांनी अंघोळ घालून कौतिकबाईंना दारासमोर ठेवलं होतं. गल्ली माणसांनी भरली होती, मंडळाचे लोक बांबू घेऊन आले होते, आणि त्यांच्यात जावयाचा तो चुलताही होता. संगीता आईच्या डोक्याशी बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. मी तिच्याजवळ वाकलो आणि हळू आवाजात सांगितलं. तुझ्या आईचं समाधान आपलं होतं. तिला न्याय हवा होता. मला तेव्हाच कळलं होतं.

तिने मान वर केली.  मग म्हणाली, “माझ्या कानात नका सांगू, मामा. मोठ्याने बोला. तिला ऐकू जाऊ दे.”

जवळच्या बायका गप्प झाल्या. मग त्यांच्या मागच्या. मंडळाची माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी सरळ उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हणालो, “चला, उचला. उशीर होतोय.”

संगीता उठली. मडकं कुणी धरायचं यावर पुरुषांची कुजबूज चालली होती, तिने ते सरळ स्वतःच्या हातात घेतलं आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली. कुणी अडवलं नाही. माझ्याशी ती त्यानंतर बोलली नाही.

आता माझ्याकडून कुणी काढून घ्यावं असं काही उरलेलं नाही, म्हणून बोलायला धजतो आहे. यात शौर्य नाही. ज्यांनी लिंबायतमध्ये ती गोष्ट ऐकली असेल, त्यांनी ती अशी दुरुस्त करून घ्यावी: त्या दिवशी कौतिकबाईंनी पोरीला परत धाडलं नाही. त्या चौकीत त्यांनी हात जोडून न्याय मागितला होता. मला तो ऐकू आला होता, नीट ऐकू आला होता.